देखण्या खुराड्यातली ओल आणि झोंबणारा वास: हाताच्या मुठीपासून करवतीपर्यंतची तपासणी

लक्षणं

पहाटे खुराड्याचं दार उघडलं की पहिल्याच श्वासाला नाकात झणका बसतो आणि डोळे चुरचुरतात. दार उघडं राहिलं की तासाभरात वास विरतो, आपण कामाला लागतो आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच. कोंबड्या रात्री बसतात त्या दांडीखालची गादी, म्हणजे जमिनीवर पसरलेला भुसा किंवा तूस, मोकळी राहत नाही. तिच्यावर खपलीसारखा कडक थर धरतो आणि तो खुरप्याने उचकटला की खाली चिकट, काळपट चिखल निघतो. खिडकीच्या काचेवर आणि पत्र्याच्या खालच्या अंगाला आतून थेंब जमलेले असतात. दार फुगून चौकटीत अडकतं, भिंतीच्या तळाशी रंगाला फोड येतात आणि प्लायवूडची कड जुन्या वहीच्या पानांसारखी सुटायला लागते.

कोंबड्याही सांगत असतात. एखादी सारखा एक डोळा मिटून उभी राहते, डोळ्याच्या कोपऱ्यात फेस दिसतो. उचलून तळपाय पाहिले तर तपकिरी डाग, कातडी सोलवटल्यासारखी. अंडी मळकी निघतात. सांजवेळी आपणहून आत जाणाऱ्या कोंबड्या दाराशी घुटमळतात, किंवा दांडी सोडून अंड्यांच्या पेटीत नाहीतर थेट छपरावर झोपतात. कडाक्याच्या थंडीत तुऱ्याची टोकं काळी पडतात. दोष थंडीला दिला जातो, पण कोरड्या हवेत कोंबडी बरीच थंडी सोसते. ओलसर हवेत तिचा तुरा लवकर गारठून मरतो.

यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली की आजार बहुतेक वेळा एकच असतो: खुराड्यात पाणी येतंय किंवा तयार होतंय, आणि त्याला बाहेर पडायला वाट नाही.

एक अपवाद आधीच सांगते. दिवसा मोकळ्या हवेतही कोंबडी चोच उघडून धापा टाकत असेल, शीट रक्ताळलेली किंवा हिरवी असेल, मान वाकडी होत असेल, किंवा दोन दिवसांत एकापेक्षा जास्त कोंबड्या मेल्या असतील, तर खालचं काहीही करत बसू नका. थेट शेवटच्या भागाकडे जा.

हे देखण्या खुराड्यांतच जास्त का होतं

मी स्वतःसाठी तीन खुराडी बांधली आहेत आणि ओळखीच्यांची वीसेक दुरुस्त केली आहेत. जुन्या फळ्या आणि जाळी जोडून उभं केलेलं, चहूबाजूंनी फटी असलेलं खुराडं या तक्रारीसाठी क्वचितच माझ्यापर्यंत आलं. जी आली ती मेहनतीने बांधलेली होती: छोट्या बंगल्यासारखी, काचेच्या खिडक्या, आत-बाहेर चकचकीत रंग, एकेक सांधा नीट बुजवलेला. हाताला सफाई असलेल्या माणसाला फट दिसली की ती बुजवावीशी वाटते, आणि ते अगदी स्वाभाविक आहे. पण कोंबडीच्या घरात काही फटी हव्याच असतात.

थोडा हिशेब मांडू. एक अंडी देणारी कोंबडी दिवसाला साधारण 200 ते 250 मिलिलिटर पाणी पिते. पाच कोंबड्यांचं झालं एक लिटर किंवा थोडं जास्त. पाच अंड्यांबरोबर त्यातलं जेमतेम 200 मिलिलिटर बाहेर जातं. उरलेलं श्वासातून आणि शिटेतून निघतं. ताज्या शिटेत जवळजवळ तीन-चतुर्थांश पाणीच असतं. या उरलेल्या पाण्यातला तिसरा हिस्सा जरी रात्रीच्या वाट्याला आला, तरी बंद खुराड्यात सुमारे 300 मिलिलिटर पाणी सुटतं. आता हवेची बाजू बघा. 20 अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त 17 ग्रॅम बाष्प धरते. पाच फूट लांब, चार फूट रुंद आणि चार फूट उंच खुराड्यात सव्वादोन घनमीटरच्या आसपास हवा मावते. म्हणजे ती हवा अगदी कोरडी आली आणि ओलीने गच्च भरली तरी 40 ग्रॅमच्या पुढे जात नाही. उरलेलं पाणी काचेवर, पत्र्यावर आणि गादीत जाणार. छपराला एकही भोक नसलेलं खुराडं आतून ओलं का होतं, याचं उत्तर एवढंच आहे. माणसं छप्पर गळतंय म्हणून पुन्हा पुन्हा डांबर फासत राहतात आणि ओल हटत नाही.

झोंबणारा वास अमोनियाचा. शिटेतल्या पांढऱ्या भागात युरिक आम्ल असतं. गादीतले जिवाणू ते फोडून अमोनिया तयार करतात आणि या कामाला त्यांना ओल लागते. गादी कोरडी असेल तर त्यांचं काम मंदावतं. म्हणून वासाचा इलाज म्हणजे ओलीचा इलाज. कोंबडीपालनाच्या पुस्तकांत हवेच्या दहा लाख भागांत 25 भाग अमोनिया ही वरची मर्यादा धरतात. त्याच्या आसपासच श्वासनलिकेतले बारीक केस निकामी व्हायला लागतात. हे केस धूळ आणि जंतू बाहेर ढकलतात. ते थकले की साधी सर्दीही कोंबडीच्या छातीत उतरते.

नाक, गुडघे आणि पहाटेची वेळ

पहिली तपासणी फुकट आहे, पण बहुतेक जण ती चुकीच्या वेळी आणि चुकीच्या उंचीवर करतात. दुपारी उभ्याने डोकं आत घालून ‘वास तर येत नाही’ म्हणण्यात अर्थ नाही. रात्रभर बंद असलेलं खुराडं उघडायच्या क्षणी गुडघ्यांवर बसा आणि नाक गादीपासून वीतभर वर आणून एक श्वास घ्या. कोंबडी रात्रभर तिथलीच हवा घेते. रोजच्या माणसाचं नाक सरावतं, म्हणून शक्यतो घरातल्या अशा कुणाला बोलवा जो रोज तिकडे जात नाही. खात्री हवी असेल तर तांबडा लिटमस कागद पाण्याने ओला करून गादीच्या जवळ धरा. तो निळा होऊ लागला तर अमोनिया आहे.

दम्याचा त्रास असेल तर हा श्वास तुम्ही घेऊ नका. कागदावर भागवा.

मूठ, आणि ओलीचा नकाशा

माझ्या मते सगळ्या तपासण्यांत ही सर्वांत उपयोगी. हातमोजा घालून दांडीखाली, पाण्याच्या भांड्यापाशी, चारही कोपऱ्यांत आणि मधोमध अशी सात ठिकाणची गादी मुठीत घेऊन दाबा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ती जागा जास्त ओली. थोडी चिकटून लगेच सुटली तर ठीक. मुळीच धरली नाही आणि धूळ उडाली तर गरजेपेक्षा कोरडी. चांगल्या गादीत साधारण 20 ते 25 टक्के ओल असते. 30-35 टक्क्यांच्या पुढे खपली धरायला लागते.

आता कागदावर खुराड्याचा चौकोन काढा आणि ओल्या जागा रंगवा. पाणी कुठून येतंय ते हा नकाशा सांगतो.

ओल फक्त भांड्याभोवती असेल तर भांडं. फक्त दांडीखाली पट्ट्यासारखी असेल तर शीट साचतेय, म्हणजे सफाई कमी पडतेय किंवा कोंबड्या जास्त झाल्यात. एका भिंतीच्या कडेने असेल तर पाऊस नाहीतर बाहेरून जमिनीवरून वाहत येणारं पाणी. सगळीकडे सारखीच दमट असेल आणि काचेवर थेंब असतील तर हवा अडकली आहे. वरून कोरडी पण तळाशी ओली असेल तर जमीन पाणी सोडतेय. आणि ओल जागोजागी, थेंब पडल्यासारखी असेल, तर पत्र्याखाली जमलेलं दव टपकतंय.

एका ठिकाणी मला छप्पर बदलायला बोलावलं होतं. सामान आणलेलं, जुना पत्रा काढायचीच वाट. मी नकाशा काढला, तर ओल पाण्याच्या भांड्याभोवती अडीच फुटांचं वर्तुळ करून थांबलेली. भांडं एका बाजूला बोटभर कललेलं होतं. छपराला हातही लावला नाही. तेव्हापासून नकाशाआधी मी कुणालाही खिळा उपसू देत नाही.

पाण्याचं भांडं

नकाशाने भांड्याकडे बोट दाखवलं नसलं तरी ही तपासणी कराच, कारण पाच मिनिटांचं काम आहे. भांड्याची कड उभ्या कोंबडीच्या पाठीच्या पातळीला हवी. त्यापेक्षा खाली असेल तर कोंबड्या उकरताना गादी पाण्यात उडवतात, पाणी सांडतात आणि त्यात शिटतातही. बुडाखाली वीट किंवा सपाट दगड ठेवा आणि भांडं कललेलं नाही ना ते बघा. ठिबकणारी चोचनळी (चोच मारली की पाणी देणारी नळी) लावली असेल तर रात्री तिच्याखाली कोरडी वाटी ठेवून सकाळी किती पाणी जमलं ते पाहा. सेकंदाला दिसणार नाही अशी गळती रात्रभरात वाटी भरते.

त्याहून सोपा उपाय म्हणजे भांडं जाळीच्या अंगणात काढणं. अंधारात कोंबडी दांडीवरून उतरून पाणी पीत नाही, त्यामुळे उजाडताच दार उघडत असाल तर रात्री आत पाणी ठेवायची गरज नसते. खुडूक बसलेली कोंबडी किंवा दिव्याखाली ठेवलेली पिल्लं आत असतील तर मात्र पाणी हवंच. तुम्ही उशिरा उठत असाल, तरीही ठेवा.

गादी

गादी किमान तीन इंच जाड हवी. सहा इंच असेल तर आणखी चांगली, कारण शीट सुकवण्याचं काम तीच करते. नुसत्या फळीवर मूठभर भुसा पसरलेला असेल तर तो पहिल्या रात्रीतच भिजून संपतो. रंध्याचे छिलके किंवा भाताचं तूस चांगलं. गवत आणि पेंढा ओला झाला की चटया धरतो आणि त्यात बुरशी लवकर वाढते. बुरशी लागलेला पेंढा कोंबड्यांच्या फुप्फुसांत बुरशीचा रोग पोचवू शकतो, तेव्हा वाया जाईल म्हणून तो आत टाकू नका. सुतारकामाचा भुसा आणताना कुठल्या लाकडाचा ते विचारा. वाळवीरोधक औषध पाजलेल्या जुन्या लाकडात आर्सेनिक असू शकतं.

खपली धरलेला भाग फावड्याने काढून टाका, उरलेलं खालीवर करा, वर कोरडं टाका. नंतर दर एक-दोन दिवसांनी गादी हलवत राहा. संध्याकाळी मूठभर दाणे गादीत विखुरले तर हे काम कोंबड्याच उकरून करतात. दांडीखाली काढता येणारी एक फळी बसवली आणि ती रोज सकाळी खरवडली तर रात्रभराची सगळी शीट दोन मिनिटांत बाहेर जाते. माझ्या अनुभवात या एका फळीने जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या पावडरींनी पडत नाही.

चुन्याबद्दल थांबून सांगायला हवं, कारण हा सल्ला सर्रास दिला जातो. ओल्या, शीटभरल्या गादीवर चुन्याची फक्की टाकली की गादी अल्कधर्मी होते आणि तिच्यात बांधलेला अमोनिया उलट वेगाने हवेत सुटतो. वास वाढतो. शिवाय कळीचा किंवा विरवलेला ताजा चुना कोंबडीचे तळपाय आणि डोळे भाजू शकतो. खुराडं रिकामं करून, धुऊन, वाळवून मग भिंतींना चुना मारणं वेगळं, तो जरूर मारा. सुगंधी फवारेही नकोत. ते वास लपवतात, आणि वास हीच तर आपली सूचना आहे.

किती कोंबड्या

मोजपट्टी घ्या. अंगण वेगळं असेल तर आत दर कोंबडीमागे किमान 4 चौरस फूट जमीन आणि दांडीवर 8 ते 10 इंच जागा हवी. मोजताना अंड्यांच्या पेट्यांची जागा धरू नका, तिथे झोपायचं नसतं. पाचांसाठी बांधलेल्या खुराड्यात नव्या तलंगा (तरुण कोंबड्या) येत येत नऊ कोंबड्या झाल्याचं मी अनेकदा पाहिलं आहे. अशा वेळी बाकी सगळं केलं तरी ओल परत येते. उपाय दोनच: जागा वाढवा किंवा कोंबड्या कमी करा.

बंद झालेले झरोके

नवे झरोके कापण्याआधी असलेले चालू आहेत का ते बघा. कोंबड्यांच्या अंगावरून पिसांची बारीक भुकटी सतत झडत असते. ती बारीक जाळीवर बसून वर्षभरात करड्या लोकरीचा पडदा तयार होतो. कोरड्या ब्रशने जाळी झाडा (तोंडाला मास्क लावूनच) आणि कोंबड्या बाहेर असताना. थंडीत लावलेली गोणपाटं, पुठ्ठे, शोभेचे पडदे अजून तसेच आहेत का? थंडीत झरोके बुजवायची इच्छा होते. पण कोंबडीच्या शरीराचं तापमान 41 अंशांच्या आसपास असतं आणि पिसांमध्ये हवा धरून ती ऊब राखते. तिला खरा त्रास अंगावरून जाणाऱ्या झोताचा आणि ओलीचा होतो. त्यामुळे दांडीच्या उंचीवरच्या फटी बुजवा, डोक्याच्या वरचे झरोके बारा महिने उघडे ठेवा.

हवा हलते का ते पाहायला मी एक मऊ पीस वापरते, तिथेच पडलेलं असतं. ते वीतभर दोऱ्याला बांधायचं, दार लावायचं आणि फटीतून किंवा खिडकीतून हात घालून आधी झरोक्याजवळ आणि मग दांडीजवळ धरायचं. झरोक्याशी पीस हलकेच डुलायला हवं. दांडीशी ते जवळपास स्थिर राहायला हवं. झरोक्याशी मेलेलं असेल तर हवा कोंडली आहे. दांडीशी फडफडत असेल तर झोत थेट कोंबड्यांच्या अंगावर येतोय. मेणबत्ती किंवा जळती दोरी घेऊन हे करू नका. खाली कोरडा भुसा असतो.

पाऊस, दव की जमीन

भिंतीकडेची किंवा तळाची ओल असेल तर एक जाड प्लास्टिकचा चौकोन, दीड-दोन फुटांचा, गादी बाजूला करून फरशीवर चारही कडांनी चिकटपट्टीने बसवा. 24 तासांनी बघा. प्लास्टिकच्या खाली पाणी असेल तर ते जमिनीतून वर येतंय. वर पाणी असेल तर ते हवेतून किंवा छपरातून आलं आहे. मातीच्या तळालाही हे चालतं, कडांवर विटा ठेवाव्या लागतात एवढंच.

छपरातून की हवेतून हे ठरवायला पाऊस नसलेली पहाट निवडा. कोरड्या रात्रीनंतरही पत्र्याखाली थेंब असतील तर ते दव आहे आणि खरा इलाज पुढच्या भागातले झरोके. भर पावसात आत जाऊन दिवा मारून बघितलं आणि खिळ्याच्या डोक्यापाशी थेंब दिसला तर ती गळती. खिळ्यांचे रबरी वायसर कडक होऊन फुटतात. ते बदलणं स्वस्त काम आहे.

छपराची वळचण भिंतीच्या पुढे किमान फूटभर यायला हवी. देखण्या खुराड्यांत ती बऱ्याचदा चार बोटंच असते, कारण आखूड वळचण नीटस दिसते. मग पागोळ्या भिंतीच्या पायाशीच पडतात, चिखल भिंतीवर उडतो आणि प्लायवूडची खालची कड पाणी पिऊन फुगते. वळचण लांबवा, नाहीतर पन्हळ लावून पाणी दूर न्या. जमिनीचा उतार खुराड्याकडून बाहेर असावा. तो उलटा असेल तर भिंतीपासून हातभर अंतरावर एक चर खणून त्यात खडी भरली तरी बराच फरक पडतो.

करवत हातात घ्यायची वेळ

वरचं सगळं करून आठवडा गेला आणि पहाटेचा झणका तसाच असेल, तर झरोके वाढवायचे. रूप बिघडेल म्हणून इथे माणसं अडतात, आणि मला त्यांचं मन कळतं. स्वतः रंधलेल्या फळीला करवत लावताना माझाही हात थांबला होता. पण झरोका नीट जागी घेतला तर तो खुराड्याचा दागिना होतो.

प्रमाण असं धरा: दर कोंबडीमागे साधारण एक चौरस फूट उघडी जागा, कायमची. पाच कोंबड्यांना पाच चौरस फूट ऐकायला खूप वाटतं. पाच फूट लांबीच्या समोरासमोरच्या दोन भिंतींना वळचणीखाली सहा-सहा इंचांची पट्टी उघडली की तिथेच पाच चौरस फूट भरतात. वळचणीखाली पट्टी घेण्याचे तीन फायदे. ओलसर ऊबदार हवा वर चढते ती तिथूनच निघते. छपराची सावली असल्याने पाऊस आत येत नाही. आणि बाहेरून पाहणाऱ्याला ती काळी रेघ छपराचाच भाग वाटते, भिंत तशीच अखंड दिसते. समोरासमोर घ्यायची कारण एकाच बाजूला असली तर वारा पडल्यावर हवा फिरत नाही. दांडी या पट्टीपेक्षा इतकी खाली हवी की बसलेल्या कोंबडीचं डोकं वीतभर खाली राहील. तेवढी उंची नसेल तर झरोका न हलवता दांडी खाली आणा. ती अंड्यांच्या पेट्यांपेक्षा मात्र वरच राहू द्या, नाहीतर कोंबड्या पेट्यांत झोपून अंडी मळवतील.

तिरकोनी दर्शनी भिंत असेल तर तिच्या शेंड्याशी नक्षीदार कटाई करा: पानं, जाळीदार चौकटी, उगवता सूर्य, जे आवडेल ते. बाहेर नक्षी, आत जाळी. न उघडणारी काचेची खिडकी असेल तर काच काढून वरच्या बाजूला बिजागरी लावा म्हणजे ती बाहेर ढकलून उघडेल आणि पावसातही उघडी राहील. पक्की काच उन्हात खुराडं तापवते आणि रात्री गार होऊन पाणी धरते. दोन्हीकडून तोटा.

प्रत्येक उघड्या जागेला अर्ध्या इंची वेल्डची जाळी लावा. षटकोनी कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, पण मुंगूस, उंदीर आणि साप यांना बाहेर ठेवत नाही. कुत्रा ती फाडतो. जाळी स्टेपलने न ठोकता पट्टी आणि स्क्रूने दाबा. कापलेल्या प्लायवूडच्या उघड्या कडांना रंगाचे दोन-तीन हात द्या, कारण प्लाय पाणी पिते ती कडेनेच.

आतून मारलेला चकचकीत ऑइलपेंट ओल शोषत नाही, थेंब धरून खाली सोडतो. पुढच्या वेळी आत चुना किंवा पाण्यात मिसळणारा साधा रंग वापरा. जुनी दारं-खिडक्या वापरून खुराडं सजवायची आवड असेल तर त्यांचा जुना रंग सोलत नाही ना ते बघा. जुन्या रंगांत शिसं असू शकतं. कोंबड्या पापुद्रे टोचून खातात आणि शिसं अंड्यात उतरतं.

वास नाही, तरीही कोंबड्या आत जात नाहीत

मुठीची तपासणी चांगली, हवा चांगली, तरी सांजवेळी दाराशी घुटमळणं चालूच असेल, तर रक्त पिणारे तांबडे माइट (गोचिडीसारखे बारीक जीव) शोधा. शोभेच्या पट्ट्या, दुहेरी फळ्या, दांडीच्या टोकांच्या खाचा ही त्यांची आवडती घरं. दिवसा ते फटीत लपतात, रात्री कोंबडीवर चढतात. अंधार पडल्यावर दोन तासांनी दांडीच्या खालच्या अंगावरून पांढरा कागद दाबून फिरवा. तांबड्या रेघा उमटल्या तर तेच. उबदार हवेत त्यांची पिढी आठवड्या-दीड आठवड्यात तयार होते आणि उपाशी ते कित्येक महिने जगतात, म्हणून खुराडं थोडे दिवस रिकामं ठेवून भागत नाही. पट्ट्या काढाव्या लागतात, फटी खरवडाव्या लागतात. फवारणीचं औषध पशुवैद्यांना विचारूनच, कारण ते अंड्यात उतरण्याचा प्रश्न असतो.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

एका वेळी एकच बदल करा आणि तीन पहाटा थांबून पुन्हा नाक आणि मूठ. सगळं एकदम केलं तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

प्लास्टिकच्या चौकोनाखाली प्रत्येक वेळी पाणी येत असेल तर गादीने ते आटणार नाही. खुराडं जोत्यावर किंवा पायांवर उचलावं लागेल. लहान असेल तर चार माणसं उचलतात. उभं राहून आत जाता येईल एवढं असेल तर गवंडी बोलवा. उभा खांब पेचकसाने टोचल्यावर टोक सहज आत जात असेल तर तो कुजला आहे. छपराचं वजन त्याच्यावर असेल तर तो स्वतः काढू नका, सुतार आधी टेकू लावतो. ओल सुकवायला पंखा किंवा उष्ण दिवा लावायचा विचार असेल तर वायरिंग इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. धूळ, ओल, टोचणाऱ्या चोची आणि कोरडा भुसा एकत्र असलेल्या जागी लोंबती वायर आग लावते. काही उष्ण दिव्यांवर टेफ्लॉनचा लेप असतो. तो तापला की त्याच्या वाफेने पक्षी मरतात, तेव्हा घेताना विचारा. भिंतीच्या आत बुरशीचे मोठे काळे-हिरवे पट्टे असतील आणि घरात कुणाला फुप्फुसांचा त्रास असेल तर सफाई दुसऱ्या कुणाकडून करून घ्या.

कोंबडीच्या बाबतीत थांबायची रेघ आणखी अलीकडे आहे. हवा सुधारल्यावर डोळे तीन-चार दिवसांत निवळायला लागतात. तसं झालं नाही, बुबुळ धुरकट दिसलं, किंवा तळपायाला काळी खपली असून पाय सुजला आणि गरम लागला, तर पशुवैद्यांकडे न्या. ती खपली घरी ब्लेडने काढू नका. शिटेत रक्त असेल तर कॉक्सिडिया असू शकतो. हा परजीवी ओल्या गादीत उबदार हवेत दोन दिवसांत संसर्गक्षम होतो आणि पिल्लांना झपाट्याने मारतो, म्हणून त्याच दिवशी दाखवा. धापा, हिरवी शीट, वाकडी मान, अचानक मरतूक यांमागे मानमोडी किंवा बर्ड फ्लूही असू शकतो. तेव्हा मेलेली कोंबडी उघड्या हाताने उचलू नका, उघडून बघू नका, कुणाला देऊ नका. उरलेल्या कोंबड्या जिथे आहेत तिथेच ठेवा आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

फोन करताना ही माहिती हाताशी ठेवा: एकूण किती कोंबड्या, किती आजारी, पहिलं लक्षण कोणत्या दिवशी दिसलं, गेल्या महिन्यात नवी कोंबडी आणली का, कोणत्या लसी झाल्या आणि शिटेचा एक फोटो. गादीचा नकाशाही दाखवा. तो पाहिला की खुराड्यातली हवा आणि ओल कशी होती हे त्यांना वेगळं सांगावं लागत नाही.